कोलंबियाचं झाड पुण्याच्या खोलीत कसं जगतं

अँथुरियम वॉरोक्वेआनम हे कोलंबियाच्या ओल्या जंगलातलं झाड. गर्द हिरवं मखमली पान, त्यावर पांढुरक्या शिरांची नक्षी, आणि वाढलेल्या झाडाचं एकेक पान मीटरभर लांब लोंबणारं. हौशी लोक त्याला क्वीन अँथुरियम म्हणतात. गेल्या काही वर्षांत अशी झाडं मराठी घरांतही येऊ लागली आहेत. नर्सरीतून आणलं तेव्हा ते टवटवीत असतं. मग काही आठवड्यांत पानाची कड तपकिरी पडते. नवं पान उलगडताना मध्येच अडकतं आणि चुरगळलेलंच बाहेर येतं. घरातली माणसं पाणी वाढवतात, मुळं कुजतात, आणि झाड जातं.

अशा वेळी कुंडीत काय चुकलं ते सगळे शोधतात, हवेकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. ज्या जंगलात दुपारीही पानावर ओल टिकते, तिथलं झाड आपण एप्रिलच्या पुण्यात आणून ठेवलेलं असतं. म्हणून हल्ली बरेच जण एखादी मोकळी खोली, बंद केलेली बाल्कनी किंवा काचेचं कपाट या झाडांसाठी राखून ठेवतात. ग्रो रूम म्हणतात ती हीच. दिवे, हवा दमट करणारा ह्युमिडिफायर, पंखे, एसी, टायमर ही यादी कोणताही दुकानदार देईल. या वस्तू एकमेकींच्या कामात किती ढवळाढवळ करतात, हे मात्र पैसे खर्च झाल्यावर कळतं. ते आधीच कळावं म्हणून हे सगळं लिहितो आहे.

आधी जंगल ठरवा

"विदेशी झाडं" असा एक गट नसतो. अँथुरियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, अलोकेशिया ही सगळी आपल्या अळवाच्या कुळातली. अळूला ज्यामुळे खाज सुटते ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यांच्याही पानांत असतात, म्हणून घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर खोलीचं दार लागायलाच हवं. यातली बहुतेक सखल, उबदार, दमट जंगलातली आहेत. दिवसा २५ ते २९ अंश सेल्सिअस, रात्री २० ते २२, आर्द्रता ७० टक्क्यांच्या आसपास, एवढं मिळालं की ती खूश असतात.

नेपेंथिस, म्हणजे कीटक पकडणारी घटपर्णी, हिचं तसं नाही. बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्सच्या उंच डोंगरांवरच्या जातींना रात्री १५ अंशांच्या आसपास गारवा लागतो. दिवसाची गरमी त्या सोसतात, पण रात्रही गरम राहिली तर हळूहळू खंगतात. त्यांना मखमली अँथुरियमच्या शेजारी ठेवलं तर दोघांपैकी एकाचे हाल ठरलेले. फॅलेनॉप्सिस ऑर्किड आणखी निराळं. ते घरच्या तापमानात वर्षभर पानं काढत राहतं, पण फुलाचा दांडा यायला त्याला काही आठवडे २५ अंशांच्या खालचा गारवा हवा असतो. बारा महिने २९ अंशांवर ठेवलेल्या खोलीत ते हिरवंगार दिसेल आणि फुलणार नाही.

सगळ्याच ऑर्किडना सतत ओलावा लागतो हा समजही काढून टाका. आपल्या सह्याद्रीत झाडांच्या खोडांवर वाढणारी सीतेची वेणी बघा. पावसात चिंब भिजते, मग हिवाळा आणि उन्हाळ्याचा मोठा भाग कोरडा काढते, आणि पावसाच्या तोंडावर गुलाबी-पांढरे लांब तुरे सोडते. तिला कायम ८० टक्के आर्द्रतेच्या खोलीत कोंडणं म्हणजे तिची कोरडी विश्रांती हिरावून घेणं. तिला उघडा गॅलरीचा कठडा मानवतो. आणि ती जंगलातून ओरबाडून आणू नका, ही विनंती अगदी मनापासून. झाडाच्या सालीत घट्ट रुतलेली मुळं सोलून काढली की ती सहसा जगत नाही, आणि जंगलात तिची जागा भरायला वर्षं लागतात.

परदेशी झाडांनाही हेच लागू आहे. जगातली सगळी ऑर्किड आणि नेपेंथिसच्या सगळ्या जाती साइटीस या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांत आहेत. भारतातली एकमेव घटपर्णी, मेघालयातली नेपेंथिस खासियाना, त्यातल्या सर्वांत कडक यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, या याद्या आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही आल्या. शिवाय परदेशातून कोणतंही जिवंत रोप आणायचं तर आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. विक्रेत्याला कागद मागायला लाजू नका. टिश्यू कल्चरमधून, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेली रोपं आता सहज मिळतात. ती स्वस्तही पडतात आणि त्यांच्यासाठी कुठलं जंगल रिकामं होत नाही.

तर एका खोलीत एकच जंगल. पुढचं सगळं मी सखल, उबदार जंगल धरून सांगतो, कारण महाराष्ट्रात तेच सर्वांत सोपं आहे. उंच डोंगरातल्या झाडांसाठी रोज रात्री एसी चालवावा लागतो, आणि तो खर्च बारा महिन्यांचा असतो.

हवा पाणी कशी ओढते

ग्रो रूममध्ये सर्वांत जास्त घोळ होतो तो इथे. ह्युमिडिफायरवर ७५ टक्के आकडा लावला की काम झालं, असं वाटतं. पण टक्के ही सापेक्ष गोष्ट आहे. या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्यातली आत्ता किती आहे, एवढंच ते सांगतात. आणि ती "जास्तीत जास्त" तापमानाबरोबर झपाट्याने वाढते. २० अंशांना एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. २५ अंशांना २३ ग्रॅम, ३० ला ३० ग्रॅम, ३५ ला जवळपास ४० ग्रॅम.

झाडाला टक्क्यांचं काही पडलेलं नसतं. पानाच्या आत हवा पूर्ण ओली असते आणि बाहेर ती कमी ओली असते. या दोन्हींतल्या वाफेच्या दाबात जेवढी तफावत, तेवढ्या जोरात पानातून पाणी ओढलं जातं. या तफावतीला बागायतदार व्हीपीडी म्हणतात आणि ती किलोपास्कलमध्ये मोजतात. दोरीवरचे ओले कपडे एप्रिलमध्ये तासाभरात कडक वाळतात आणि जुलैत दोन दिवस दमट राहतात, तेच पानाचं होतं. फरक एवढाच की झाडाला मुळांतून पाणी वर पाठवून ती ओढ भागवावी लागते, आणि ती जमली नाही तर सर्वांत आधी पानाची कड वाळते, कारण पाणी पोचण्याचं ते शेवटचं टोक.

आकडे घेऊन बघू. २५ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला व्हीपीडी सुमारे ०.८ किलोपास्कल येतो. मखमली अँथुरियमला साधारण ०.५ ते १ मानवतो, म्हणजे हे उत्तम. आर्द्रता तीच ७५ टक्के ठेवून खोली ३२ अंशांवर गेली की व्हीपीडी १.२ होतो. मीटरवर टक्के तसूभरही हललेले नसतात, पण पानावरची ओढ दीडपट झालेली असते. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी बाहेर ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता धरली तर तो ५ च्या वर जातो. सहापट-सातपट ओढ. कितीही पाणी घातलं तरी त्या झाडाच्या नळ्या एवढं पाणी वर नेऊ शकत नाहीत.

म्हणून खोली दमट करण्याआधी थंड ठेवा. तापमान चार अंशांनी उतरवलं की ह्युमिडिफायरचं बरंचसं काम आपोआप होतं. सर्वांत वरच्या मजल्यावरची खोली टाळा. तिथला स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता आत सोडत राहतो, म्हणजे ज्या वेळी झाडाला गारवा हवा नेमक्या त्याच वेळी. पश्चिमेची भिंत नसलेली, उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची खोली निवडा. खिडकी मोठी असेल तर तिला आतून थर्माकोलची जाड पाटी बसवा. खिडकीचा उजेड जातो म्हणून हळहळू नका. उजेड आपण दिव्यांनी देणारच आहोत, आणि खिडकीतून येणारं ऊन बाहेर काढायला एसीला जी वीज लागते ती दिव्यांपेक्षा जास्त होऊ शकते.

आता ह्युमिडिफायर किती मोठा लागेल? १० बाय १० फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवा. २५ अंशांना ७५ टक्के आर्द्रता हवी तर त्या सबंध खोलीच्या हवेत जेमतेम अर्धा लिटर पाणी असतं. फक्त अर्धा लिटर! मग ह्युमिडिफायर दिवसरात्र का घरघरतो? कारण खोली गळते. दाराखालची फट, खिडकीच्या सरकत्या चौकटी, एसीच्या नळीचं भोक. बाहेरच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत घनमीटरला ९ ग्रॅमच्या आसपास वाफ असते आणि आपल्याला १७ हवी असते. खोलीची हवा तासाला एकदा बदलली तरी दर तासाला पाव लिटर, म्हणजे दिवसाला पाच-साडेपाच लिटर पाणी नुसतं फटींतून जातं. दाराला रबरी पट्टी आणि फटींना सिलिकॉन लावायला काहीशे रुपये लागतात. ते काम आधी करा, मग यंत्राची क्षमता ठरवा.

एसी लावलात तर आणखी एक भांडण सुरू होतं. २५ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सुमारे २० अंश असतो. म्हणजे २० अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर ती हवा पाणी सोडते. एसीच्या आतली नळी त्याहून बरीच थंड असते, म्हणून ह्युमिडिफायरने हवेत सोडलेलं पाणी एसी नळीवाटे बाहेर टाकत राहतो. एक यंत्र ओततंय, दुसरं उपसतंय, आणि दोघांचं बिल आपण भरतोय. पूर्ण टाळता येत नाही, पण कमी करता येतं. एसी २६-२७ वर ठेवा, इन्व्हर्टर एसी असेल तर त्याचा पंखा मध्यम वेगावर ठेवा, आणि थंड हवेचा झोत थेट पानांवर येऊ देऊ नका.

जास्त दमट हवा म्हणजे जास्त चांगली, असं मात्र नाही. ९५ टक्क्यांच्या स्थिर हवेत पानातून पाणी जवळजवळ उडतच नाही, आणि पाण्याबरोबर वर जाणारं कॅल्शियमही अडतं. मग नवी पानं वाकडी, भोकं पडलेली किंवा कडा करपलेली येतात. बघणाऱ्याला वाटतं हवा कोरडी पडली, आणि तो आर्द्रता आणखी वाढवतो. मखमली पानांची झाडं पाळणाऱ्यांची ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली आहे. शिवाय रात्र. दिवे बंद झाले की खोली थंड होते. दिवसा २८ अंश आणि ७५ टक्के असलेली हवा रात्री २३ अंशांवर आली की शंभर टक्क्यांना टेकते, आणि पानांवर, भिंतींवर, पीओपीच्या छतावर पाणी धरतं. बुरशी इथूनच सुरू होते.

म्हणून पंखे चोवीस तास. दिव्यांबरोबर पंखेही टायमरवर लावणं हा चुकीचा हिशोब आहे, पंख्याची गरज रात्रीच जास्त असते. वारा जोरात नको. पान किंचित हलताना दिसलं की पुरे. पानाला चिकटून राहिलेला ओल्या हवेचा पातळ थर त्याने सरकतो आणि पान श्वास घेऊ शकतं. संगणकातले १२ व्होल्टचे छोटे पंखे यासाठी उत्तम. वीज अगदी थोडी खातात, आणि लोडशेडिंगच्या वेळी छोट्या बॅटरीवरही चालतात. वीज गेल्यावर दिवे नसले तर काही तास झाडांचं काही बिघडत नाही, पण बंद काचेत मे महिन्यातली हवा कोंडली तर बिघडतं.

मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. शंभर-दोनशे रुपयांचे आर्द्रतामापक सहज दहा टक्के चुकतात. ते तपासायला स्वयंपाकघरातलं मीठ पुरतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ते ओलसर लगद्यासारखं होईल एवढंच पाणी घाला, आणि मीटरसह ते हवाबंद पिशवीत दहा-बारा तास ठेवा. २५ अंशांच्या आसपास संपृक्त मिठावरच्या हवेची आर्द्रता ७५ टक्के असते, हे पक्कं. मीटर ६८ दाखवत असेल तर तो सात टक्के कमी दाखवतो, तेवढं धरून चाला.

मुंबई, पुणे, नागपूर

परदेशातल्या लोकांचे सल्ले बहुतेक थंड देशांतले असतात. तिथे हिवाळ्यात खोली गरम करावी लागते, दिव्यांची उष्णता त्यांना वरदान वाटते. आपल्याकडे तीच डोकेदुखी.

मुंबई आणि कोकणात, गोव्यातही, हवेत वाफ भरपूर असते. ह्युमिडिफायर वर्षातला मोठा काळ बंदच राहिला तरी चालतं. तिथली अडचण म्हणजे रात्रीही न उतरणारं तापमान आणि पावसाळ्यातली बुरशी. पैसा पंख्यांवर आणि भिंतींच्या रंगावर खर्च करा. लाकडी फर्निचर त्या खोलीतून काढाच. पुण्या-नाशकात पावसाळा आणि हिवाळ्याची सुरुवात झाडांना आवडते, खरी परीक्षा फेब्रुवारीच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत.

विदर्भाची गोष्ट मला सर्वांत रंजक वाटते. नागपूरची मे महिन्यातली ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा पाण्यातून गेली तर तत्त्वतः २३ अंशांपर्यंत उतरू शकते. घरचा कूलर तेवढी मजल मारत नाही, पण २७-२८ पर्यंत सहज आणतो, आणि आणताना ती दमटही करतो. म्हणजे एसी आणि ह्युमिडिफायर यांच्या भांडणाऐवजी एकच यंत्र दोन्ही कामं करतं, तेही कितीतरी कमी विजेत. मोठ्या हरितगृहांत एका भिंतीला ओल्या गाद्या आणि समोरच्या भिंतीला पंखे असतात, तत्त्व हेच. अट एकच, कूलरने आत घेतलेली हवा दुसऱ्या बाजूने बाहेर जायला वाट हवी. मुंबईत हाच कूलर निव्वळ चिखल करेल.

उजेड, आणि डोळ्यांची फसवणूक

आपले डोळे उजेडाशी फार पटकन जुळवून घेतात, म्हणून खोलीत "भरपूर उजेड आहे" हे आपलं म्हणणं झाडाच्या उपयोगाचं नाही. भर दुपारच्या उन्हात सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. ऊन न येणाऱ्या खिडकीशी एक-दोन हजार, आणि खोलीच्या मध्यभागी बऱ्याचदा २०० सुद्धा नाही. आपल्याला हा फरक पाचशेपटींचा वाटत नाही, पानाला वाटतो.

झाडासाठी उजेड मोजायचं खरं एकक म्हणजे दर सेकंदाला एक चौरस मीटरवर पडणारे प्रकाशकण, मायक्रोमोलमध्ये. त्याचा मीटर महाग असतो. पण पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला साधारण ७० ने भागलं की कामापुरता आकडा मिळतो. अळवाच्या कुळातल्या या झाडांना १०० मायक्रोमोल, म्हणजे ७,००० लक्स, रोज १२ तास मिळाला तर ती छान वाढतात. जंगलाच्या तळाशी वरच्या उजेडाचा एक-दोन टक्काच पोचतो, त्यामुळे ती यापेक्षा कमीतही तगून राहतात, पण मग पानं लहान आणि देठ लांब होतात. साधा लक्समीटर घ्या. मोबाइलमधली अ‍ॅप ढोबळ अंदाजापुरती ठीक.

४ फूट बाय २ फुटांच्या एका फळीवर ७,००० लक्स मिळवायला २० वॅटच्या चार चांगल्या पांढऱ्या एलईडी नळ्या, पानांपासून फूटभर अंतरावर, पुरतात. वर-खाली आणि मागे पांढरा रंग असला पाहिजे, नाहीतर बराच उजेड भिंती गिळतात. जांभळे दिवे घेऊ नका. लाल आणि निळ्या प्रकाशावर झाड वाढतं हे खरं आहे, पण त्या प्रकाशात पानावरचा पहिला पिवळा ठिपका किंवा कोळ्याची जाळी दिसत नाही, आणि पांढऱ्या दिव्यातला हिरवा भागही पानाच्या आतल्या थरांपर्यंत पोचून कामाला येतो. बारा ते चौदा तासांनंतर पूर्ण काळोख हवा.

खर्चाचं गणित कागदावर करा. ८० वॅट, १२ तास, म्हणजे दिवसाला जवळपास एक युनिट, महिन्याला २९. चार फळ्यांचे ११६ युनिट. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी वाढत जातं, १०० युनिटनंतर आणि ३०० नंतर दर चढतो, म्हणून हे युनिट तुमच्या बिलातल्या सर्वांत महाग टप्प्यात पडणार असं धरा. आणि या ३२० वॅटची जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते, ती बाहेर काढायला पुन्हा वीज. एलईडीचे ड्रायव्हर, म्हणजे त्यांना वीज पुरवणारे छोटे डबे, वेगळे काढता येत असतील तर खोलीबाहेर बसवा, तेवढीच आतली गरमी कमी.

ओलावा आणि वीज एकाच खोलीत आणताय, तर त्या खोलीच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. प्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको, भिंतीवर उंचावर असावेत, आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. या बाबतीत काटकसर करणाऱ्याने ग्रो रूम करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी आणि मुळं

यातली बरीच झाडं मातीत वाढतच नाहीत, झाडांच्या खोडांवर आणि कुजलेल्या पाचोळ्यात वाढतात. त्यांच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा, परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) आणि थोडं शेणखत किंवा गांडूळखत एवढ्यात काम होतं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरणार असाल तर दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं. घटपर्णीला मात्र खत अजिबात नको, तिला मॉस आणि परलाइट पुरे.

पाणी कुठलं, हा प्रश्न खतापेक्षा मोठा. बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं, आणि अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरमध्ये घातलं की त्यातले क्षार बारीक पांढऱ्या भुकटीच्या रूपात प्रत्येक पानावर, दिव्यावर आणि तुमच्या फुप्फुसांत बसतात. ह्युमिडिफायरला आरओचं किंवा पावसाचंच पाणी द्या आणि त्याची टाकी दर आठवड्याला घासून धुवा. पावसाचं पाणी साठवणं वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. दहा चौरस मीटरच्या कोपऱ्यातून १०० मिलिमीटर पावसात हजार लिटर मिळतात. पहिल्या सरी धूळ धुवायला सोडून द्या.

आरओच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसतात, ते वेगळे द्यावे लागतात. नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं १९:१९:१९ विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आणि आलटून-पालटून कॅल्शियम नायट्रेट आणि थोडं एप्सम सॉल्ट. कॅल्शियम नायट्रेट आणि एप्सम सॉल्ट घट्ट द्रावणात एकत्र करू नका, तळाला जिप्सम बसतं आणि दोन्ही वाया जातात.

कीड

बंद खोलीत पाऊस नाही, ऊन नाही, कीड खाणारे ढालकिडे नाहीत. म्हणून आत शिरलेली एक फुलकिडी महिन्याभरात सगळ्या फळ्यांवर असते. फुलकिडे पानाच्या आत अंडी घालतात, त्यामुळे एकदा निंबोळी तेल फवारून काही होत नाही. दर पाच-सहा दिवसांनी, किमान तीन-चार वेळा करावं लागतं. नवं झाड, मग ते कितीही ओळखीच्या माणसाकडून आलेलं असो, तीन-चार आठवडे दुसऱ्या खोलीत ठेवा. पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी पानाच्या मागच्या बाजूला आणि देठाच्या बेचक्यात आधी दिसतात, तिथे भिंगाने पाहा. आणि ज्या खोलीत झोपता तिथे ग्रो रूम करू नका. बुरशीचे बीजाणू आणि फवारणी, दोन्ही रात्रभर नाकातोंडात जातात.

किती मोठं, आणि कुठून सुरुवात

१८२९ च्या सुमारास लंडनमधल्या नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड या डॉक्टरला झाकण लावलेल्या काचेच्या बाटलीत, पतंगाचा कोश ठेवलेल्या ओल्या मातीत, एक नेचं उगवलेलं दिसलं. लंडनच्या धुरकट हवेत त्याची नेची मरत होती, बाटलीतलं मात्र तगलं. त्यातून बंद काचेच्या पेट्या आल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपं सिडनीपर्यंत जहाजाने सुखरूप गेली, आणि पुढे रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधली चहाची हजारो रोपं अशाच पेट्यांतून भारतात, हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांकडे पाठवली. समुद्रावरचे कित्येक महिने, ना ह्युमिडिफायर ना एसी.

कारण लहान बंद जागेत ओलावा टिकवणं फार सोपं असतं. ३ फूट रुंद, दीड फूट खोल आणि ५ फूट उंच काचेचं कपाट घ्या. त्यात हवा असते ०.६४ घनमीटर. २५ अंशांना ७५ टक्क्यांसाठी त्यात पाणी लागतं ११ ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे. ओल्या कुंड्यांतून तेवढं आपोआप येतं. दाराला फोमची पट्टी, आत दोन छोटे पंखे, ४०-५० वॅटचे दिवे, एक तपासलेला मीटर, आणि वर बोटभर फट. फक्त एक जपा, ते कपाट जिथे ठेवाल ती खोली उन्हाळ्यातही ३० च्या आत राहायला हवी, कारण दिव्यांमुळे आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दोन-चार अंश जास्तच राहणार.

पूर्ण खोलीची तयारी मनात असली तरी माझा सल्ला हाच, पहिलं वर्ष अशा एका कपाटात काढा. आणि ते जुलैत सुरू करू नका. जुलैत सगळंच जगतं, त्यातून काही कळत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीला सुरू करा. रिकाम्या कपाटात ओलं कोकोपीट भरलेल्या चार-पाच कुंड्या ठेवून दिवे आणि पंखे आठवडाभर चालू द्या, आणि पहाटे पाच व दुपारी तीनचे आकडे वहीत लिहा. दुपारचं तापमान २९ च्या आत, पहाटेची आर्द्रता ९० च्या खाली, आणि काचेवर दव नाही, असं सलग सात दिवस दिसलं की पहिलं झाड आणा. ते वॉरोक्वेआनम नको. अँथुरियम क्रिस्टलिनमचं छोटं रोप घ्या, त्यालाही तसंच मखमली पान असतं, किंमत कितीतरी कमी पडते आणि ते बरंच सोसतं. त्याची दोन नवी पानं न अडकता, न चुरगळता उलगडली, तीही मे महिन्यात, की मग पुढच्या झाडाची चौकशी सुरू करा.